घर धुण्यापूर्वीं माणूस पारखा

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

पावसाळा सरला. दसरा-दिवाळीची आवराआवर घरोघरीं सुरू झाली असेल. आंतील भांडीं घांसून लख्ख होतात, कपाटें आवरलीं जातात. परंतु बाहेर पाहावें तों अंगणांतील फरशी हिरवी, जिन्याच्या पायऱ्या निसरड्या आणि उत्तरेकडील भिंत शेवाळानें काळवंडलेली. नेमक्या अशा वेळीं एखादा गृहस्थ छापील पत्रक घेऊन दारांत उभा राहतो. "काका, यंत्रानें घर धुऊन देतों. एका दिवसांत नव्यासारखें!" आपण किंमत विचारतों, तो सांगतो, आपण ती खालीं ओढतों, आणि सौदा ठरतो. या साऱ्या व्यवहारांत एक प्रश्न मात्र कोणीच कोणाला विचारीत नाहीं: ही भिंत हा मारा सोसेल काय? हा प्रश्न ज्याला आपण होऊन सुचतो असा माणूस कसा ओळखावा, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊं. पाण्याचा दाब 'बार' या मापानें मोजतात. एक बार म्हणजे ढोबळ मानानें एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम वजनाचा भार. गच्चीवरील टांकी नळाच्या दहा मीटर वर असेल तर त्या नळांत साधारण एक बार दाब मिळतो. धुण्याच्या लहान यंत्रांत हाच दाब शंभर ते दीडशें बारपर्यंत चढविलेला असतो. धंदेवाईक यंत्रांत त्याहूनही अधिक. हा दाब केवढा, तें एका उदाहरणानें सांगतों. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. उंची १,६४६ मीटर. त्या शिखरावर टांकी बांधली आणि तिचा नळ थेट समुद्रकांठीं आणून तोंड बंद केलें, तर त्या नळाच्या तळाशीं जो दाब होईल तो सुमारे एकशें साठ बार. म्हणजे जवळजवळ कळसूबाईएवढा दाब एका माणसाच्या हातांतील नळींत कोंडलेला असतो. तो वाटेल त्याच्या हातीं द्यावा काय?

यंत्र तसें आजचें नव्हे. जर्मनींतील केर्शर यांच्या कारखान्यानें १९५० सालीं ऊन पाण्याचें असें युरोपांतील पहिलें यंत्र तयार केलें. आपण बहुतेकांनीं तें मोटारी धुण्याच्या जागीं पाहिलें असेल. त्याचें सारें मर्म तोटींत आहे. कित्येक यंत्रांबरोबर निरनिराळ्या रंगांच्या तोट्या येतात. लाल तोटींतून पाणी सुईसारखें सरळ निघतें. पिवळींतून पंधरा अंशांचा पंखा उघडतो, हिरवींतून पंचवीस अंशांचा, पांढरींतून चाळीस अंशांचा. पंखा जितका रुंद आणि तोटी जितकी दूर, तितका मारा सौम्य. लाल तोटी जवळ धरली तर ती लांकडाला चर पाडते, गिलावा उडविते आणि माणसाच्या कातडींत शिरते. अशी जखम वरून टोंचल्याएवढी दिसते, परंतु पाणी आणि घाण आंत खोल गेलेली असते. तींत वेळ न दवडतां इस्पितळ गांठावें लागतें.

आतां घराकडे वळूं. काळा दगड, ग्रॅनाइट आणि पक्क्या सिमेंटचें अंगण यांना रुंद पंख्याचा मारा सहसा सोसतो. चुन्याचा गिलावा, जांभा दगड, जुन्या विटांमधील चुन्याचे सांधे, मंगळुरी कौलें, लांकडी खिडक्या आणि फुगलेला रंग यांना तो सोसत नाहीं. गच्चीवरील विटांच्या तुकड्यांचा कोबा वरून धट्टाकट्टा दिसतो, पण त्याला केसाएवढ्या भेगा असल्या तर जोराचें पाणी त्या भेगा मोकळ्या करतें, आणि त्याचा पुरावा पुढल्या पावसाळ्यांत छताला ओल येऊन मिळतो. धुलाईचें नुकसान बहुधा त्या दिवशीं दिसत नाहीं. त्या दिवशीं सर्व कसें स्वच्छ दिसतें, म्हणूनच आपण फसतों.

हें मी पुस्तकांतून सांगत नाहीं. माझ्या आजोबांनीं बांधलेलें आमचें पुण्यांतील घर दगडी जोत्याचें आणि चुन्याच्या गिलाव्याचें आहे. चार वर्षांपूर्वीं नातीच्या बारशाच्या आधीं तें धुऊन घ्यावें असें मनांत आलें. एका ठेकेदारानें नऊ हजार सांगितले. मी आयुष्यभर शाळामास्तरकी केलेला माणूस; घासाघीस करून पांच हजारांवर आणले आणि मनांत स्वतःची पाठ थोपटली. ठरल्या दिवशीं ठेकेदार स्वतः आलाच नाहीं. त्यानें एक यंत्र आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा पाठविला. मुलगा अनवाणी. यंत्राची वायर दोन ठिकाणीं जोडलेली, जोडावर नुसती चिकटपट्टी, आणि ती वायर अंगणांतल्या पाण्यांत पसरलेली. मी हें सर्व पाहिलें. पाहून गप्प बसलों.

तिसऱ्या प्रहरीं त्या मुलानें वायर बाजूला सारण्यासाठीं उचलली, आणि किंकाळी फोडून तो मागें फेकला गेला. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारा खटका माझ्या मुलानें आदल्याच वर्षीं घरांत बसवून घेतला होता. तो पडला, म्हणून हा वांचला. आम्हीं त्याला ओट्यावर बसविलें, पाणी दिलें, डॉक्टरांकडे चल म्हणून आग्रह केला. तो ऐकेना. दहा मिनिटांनीं उठून म्हणाला, "आजोबा, खटका चालू करा. काम अर्धें राहिलें तर मालक आजची मजुरी कापतील."

श्रोतेहो, त्या वाक्यानें मला माझा हिशेब उलगडला. जे चार हजार मीं वांचविले होते ते कोठून वांचले होते? धड वायरींतून, रबरी बुटांतून, देखरेखीस लागणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या रोजांतून. ठेकेदारानें आपला नफा कमी केला नव्हता. त्या मुलाचा जीव स्वस्त केला होता. आणि भाव पाडणारा मी होतों.

भिंतीचा हिशेब पुढल्या आषाढांत झाला. धुतलेली भिंत बारशाला सुंदर दिसली होती. परंतु गिलाव्याची वरची घट्ट त्वचाच निघून गेली होती. तिच्यांतून ओल आंत झिरपली. भिंतींतल्या फडताळांत आजोबांच्या हातच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. त्यांना बुरशी लागून पानें एकमेकांस चिकटलीं. चुन्याचें काम जाणणारा गवंडी शोधून भिंत नीट करून घेण्यास धुलाईच्या सहापट खर्च आला. वह्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

त्यानंतर अंगणाच्या कामासाठीं दुसरा एक ठेकेदार आला. त्यानें प्रथम किंमत सांगितलीच नाहीं. घराभोवतीं दोन फेऱ्या घातल्या, बोटाच्या पेरानें गिलावा ठिकठिकाणीं वाजवून पाहिला, आणि विचारूं लागला: घर कोणत्या सालचें? गिलावा चुन्याचा कीं सिमेंटचा? गच्ची गळते काय? बाहेरचे विजेचे खटके कोठें आहेत? पाणी टांकीचें कीं बोअरचें? शेवटीं म्हणाला, "गुरुजी, अंगण धुऊन देतों. ही भिंत मी यंत्रानें धुणार नाहीं. वर पाहा, टांकीचा ओसंडण्याचा नळ हिच्यावर ठिबकतो आहे. तो आधीं वळवून घ्या. ओल गेली कीं शेवाळ मऊ ब्रशानेंही निघेल. ओल राहिली तर कितीही धुवा, तें पुन्हां येईल." हातचें काम नाकारणारा माणूस पाहिला आणि आपण कोणाला शोधत होतों तें मला कळलें.

त्या दोन अनुभवांतून जें शिकलों तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, घर न पाहतां जो दूरध्वनीवर किंमत सांगतो त्यास काम देऊं नये. जो प्रश्न विचारतो त्याला उत्तरें द्यावींत, आणि जो विचारीत नाहीं त्याला आपण विचारावेंत: कोठें कोणती तोटी लावणार, किती अंतरावरून?

दुसरी, सर्व काम सुरू करण्यापूर्वीं कोपऱ्यांतील हातभर जागा धुऊन दाखवावयास सांगावें आणि ती वाळल्यावर पाहावी. ओली भिंत नेहमींच छान दिसते. वाळल्यावर हात फिरवावा. हाताला भुकटी लागली तर काम तेथेंच थांबवावें.

तिसरी, ॲसिडाविषयीं स्पष्ट विचारावें. डाग झटपट काढण्यासाठीं कित्येकजण पाण्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळतात. शाळेंत आम्ही चुनखडीच्या खड्यावर त्याचे थेंब टाकून मुलांना बुडबुडे दाखवीत असूं. तो खडा विरघळत असतो, आणि चुन्याचा गिलावा त्याच जातीचा आहे. सिमेंटही त्यानें पोखरलें जातें. शेवाळासाठीं कोणी ब्लीचिंग पावडर वापरतात. ती बेतानें वापरली तर चालते, परंतु ती आणि ॲसिड एकत्र आलीं कीं क्लोरीन हा विषारी वायु सुटतो. एकाच दिवशीं दोन्ही वापरणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावें.

चौथी, पाण्याचा हिशेब आधीं करावा. लहान यंत्र मिनिटाला सात-आठ लिटर पाणी घेतें. आठ धरले तर तासाला चारशें ऐशीं लिटर. दिवसभराच्या कामाला तें कोठून येणार आणि गढूळ होऊन कोणाच्या दारांत जाणार, हें ठरवून ठेवावें. शेजाऱ्यांशीं होणारे निम्मे तंटे एवढ्यानें टळतात.

पांचवी, माणसें आणि वीज. अखंड वायर, तिसऱ्या पिनेची अर्थिंग, गळतीचा खटका, रबरी बूट, डोळ्यांवर चष्मा, आणि उंचावर काम असेल तर कमरेला पट्टा व पक्का दोर. यांतील एकही गोष्ट नसेल तर त्या दिवशीं काम सुरू होऊं देऊं नये. शिडीवर उभें राहून हें यंत्र चालवूं देऊं नये. पाणी सुटतांच नळी मागें धक्का देते आणि तोल जातो.

सहावी, कागद. कोणत्या भागाचें काम, कोणत्या पद्धतीनें, किती दिवसांत, किती रुपयांत, आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणाकडे, हें एका कागदावर लिहून दोघांनीं सह्या कराव्यात. इसार थोडा द्यावा, निम्म्याहून अधिक कधींही नको. आणि शेवटची रक्कम भिंत वाळल्यावर द्यावी. पैशांची पावती घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें सेवेंतील उणिवेबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते, आणि १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. पण हातांत कागद नसेल तर तक्रार शाबीत करणें कठीण जातें.

सातवी, त्याचें जुनें काम पाहावें. मात्र गेल्या आठवड्यांतलें नव्हे. ज्या घरावरून धुलाईनंतर एक पूर्ण पावसाळा गेला आहे असें घर दाखवावयास सांगावें, आणि तेथील गृहिणीला विचारावें कीं भिंतीला आंतून ओल आली काय. छायाचित्रांपेक्षां तिचें उत्तर अधिक खरें असेल.

शेवटीं भावाविषयीं. घासाघीस करूं नये असें मी म्हणत नाहीं; पगारी माणसाला ती करावीच लागते. परंतु ठेकेदारानें किंमत कमी केली कीं लगेच विचारावें, "यांतून आपण काय वगळलें?" खरा माणूस सांगेल कीं मागचें अंगण वगळलें, किंवा एक दिवस उशीर लागेल. जो म्हणेल, "कांहीं नाहीं, काका, तुमच्यासाठीं म्हणून," त्यानें काय वगळलें असेल तें त्याच्या मजुराच्या पायांकडे पाहावें. बहुधा तेथें दिसतें.

माझ्या दारीं आलेल्या त्या मुलाचें नांव मीं त्या दिवशीं विचारलें नाहीं. चाळीस वर्षें हजेरी घेतलेल्या माणसाला हें शोभलें नाहीं. आतां आमच्याकडे कामाला कोणीही आलें तरी मी प्रथम नांव विचारतों, मग वायर पाहतों, आणि मग भिंत दाखवितों. आपणही यंदाच्या दिवाळींत एवढा क्रम पाळून पाहावा, ही विनंति.