हरवलेला मटारू पुन्हा वाडीत आणा



तुमसर भाग म्हणजे धानाचा मुलूख. बांधीत धान आणि घरामागच्या सांदवाडीत वांगी, मिरची, वाल, दोडका. याच वाडीच्या काटेरी कुंपणावर पूर्वी काही घरी एक वेल चढत असे. दिवाळीच्या सुमारास त्याच्या पानांच्या देठापाशी बटाट्यासारखे कंद लोंबायचे. ते उकडून, सोलून त्यांची भाजी व्हायची. हाच मटारू. कोकणात याला करांदा म्हणतात व थंडीत मीठ घालून उकडून खातात. शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा.

आता काट्यांची कुंपणे जाऊन तार आली, भिंत आली, आणि वेलही गेला. पुन्हा लावावा म्हटले तर बियाण्याच्या दुकानात मिळत नाही. मग जंगलातून खणून आणावा असे मनात येते. पण थांबा! इथेच चूक होते, आणि ती जिवावर बेतू शकते.

कडू आणि गोडा

मटारूचे दोन प्रकार आहेत. एक वाडीतला, पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेला, शिजवून खाण्याजोगा. दुसरा रानातला, कडू. याला कडूकांदा किंवा डुक्करकंद म्हणतात. दोघांचे पान सारखेच, वेल सारखाच. रानातल्या कंदातील कडू द्रव्ये यकृताला अपाय करतात. जंगलाजवळचे जाणते लोक असे कंद चकत्या करून, वाहत्या पाण्यात भिजवून, पुन्हा उकडून वापरतात. त्यांचा तो पिढीजात अनुभव आहे. आपण ऐकीव माहितीवर तसा प्रयोग घरी करू नये.

ओळख पक्की करा

१. मटारूचा वेल गोल व गुळगुळीत असतो. त्याला काटे नसतात.

२. पान एकसंध, मोठे, हृदयाच्या आकाराचे. शिरा देठापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात. वेलावर पाने एकाआड एक लागतात.

३. वेल चौकोनी असेल, कडांना पातळ पाख असेल आणि पाने समोरासमोर असतील, तर ते कोनफळ. तेही खाण्याचेच, पण वेगळे पीक.

४. गुळवेलाचे पानही हृदयाकृती असते, पण त्याच्या देठापाशी कंद लागत नाहीत.

५. पळसाला पाने तीन हे सर्वांना ठाऊक आहे. कंदाच्या वेलाला तशीच तीन दले दिसली आणि अंगावर काटे असले, तर हात लावू नका. याच कुळातला एक अत्यंत विषारी कंद असा दिसतो. तो नीट न शोधता खाल्ल्यास माणूस दगावतो. पाच दलांचा वेलही आपल्या वाडीसाठी उचलू नका.

बियाणे कुठे शोधाल?

सोपा नियम सांगतो. ज्यांच्या घरी मटारू खातात, त्यांच्याच घरून बियाणे घ्या. कडू-गोडा ओळखण्याची याहून भरवशाची खूण नाही.

गावातल्या म्हाताऱ्या बायांना आधी विचारा. कुणाच्या वाडीत वेल होता, कुणाच्या माहेरी अजून आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. नाव एकच धरून बसू नका. मटारू, करांदा, गठालू अशी सगळी नावे घ्या, नाहीतर वस्तू समोर असून ओळख पटणार नाही. दिवाळीनंतर आठवडी बाजारात फेरी मारा. रानभाजी, कंदमुळे विकणाऱ्या बाईशी दोन शब्द बोला. कंद वाडीतला की रानातला, घरी कसा शिजवतात, हे विचारूनच विकत घ्या. आंबागड, लेंडेझरी, नाकाडोंगरी या बाजूला सोयरे असतील तर त्यांनाही निरोप धाडा.

शंका असेल तर पान, वेलाचा तुकडा आणि कंद असे तिन्ही घेऊन साकोलीच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवा. नुसत्या कंदावरून ओळख पक्की होत नाही. कंदपिकांवर काम करणारी मोठी संस्था तिरुवनंतपुरमला आहे, केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था. ती 1963 साली सुरू झाली. म्हणजे या पिकांकडे शास्त्रज्ञांचेही लक्ष आहे.

रानातला वेल मुळासकट का खणू नये, याचे एक उदाहरण पाहा. हिमालयातला याच कुळातला एक कंद औषधी कारखान्यांसाठी इतका खणला गेला की तो दुर्मिळ झाला, आणि 1975 पासून त्याच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. मटारूत सोय अशी की कंद वेलावरच लागतात. ते तोडून घेतले तरी जमिनीतला मूळकंद शाबूत राहतो.

लागवड

बियाण्यासाठी अंड्याएवढे निरोगी कंद घ्या. धुऊ नका. टोपलीत किंवा फळीवर एकेरी थरात, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. हे कंद काही महिने झोपेत असतात, त्यामुळे लगेच कोंब आला नाही म्हणून फेकू नका. उन्हाळा संपता संपता कोंब दिसतो.

रोहिणी-मृगात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्या. माती व कुजलेले शेणखत मिसळून भरा आणि वर उंचवटा करा. आपली धानाची जमीन पाणी धरते, आणि पाणी साचले की कंद कुजतो. म्हणून उंचवटा हवाच. कंद दोन-तीन इंच खोल लावा. दोन वेलांत तीन फूट अंतर ठेवा. बांबू किंवा मांडवाचा आधार द्या.

पाने पिवळी पडून कंद आपोआप गळू लागले की काढणी करा. पहिल्या वर्षी कंद थोडे व लहान येतील. मूळकंद जमिनीतच राहू द्या, पुढच्या पावसात तोच फुटेल. पण गळालेले कंद वेचून घ्या, इकडेतिकडे पडू देऊ नका. अमेरिकेतील फ्लोरिडात 1905 साली आणलेला हाच वेल मोकाट सुटला आणि तिथल्या झाडांवर चढून मोठे तण झाला आहे.

खाताना

कच्चा कंद कधीही चाखू नका. पूर्ण उकडा, पाणी फेकून द्या, सोला, मगच भाजी करा. पहिल्यांदा एकाच मोठ्या माणसाने अगदी थोडा खाऊन पाहावा. कडू लागला तर थुंकून टाका. ते कंद कुणाला देऊ नका, गुराढोरांनाही घालू नका, आणि तो वेल मुळासकट काढून टाका. कुठलाही कंद खाऊन उलटी, चक्कर किंवा तोंडाची आग झाली, तर उरलेला तुकडा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

शेवटी एकच. बियाणे मिळाले तर सगळे आपल्याच वाडीत लावू नका. दोन कंद शेजारी द्या, दोन लेकीच्या सासरी पाठवा. एका कुंपणावरचा वेल एखाद्या वर्षी मरतो. चार घरी असला तर बियाणे पुन्हा गावातच सापडते.