थ्रीडी सीन आणि कंपोझिटिंग: एका गिअरबॉक्सच्या व्हिडिओची गोष्ट

चिकलठाणा एमआयडीसीत माझ्या मित्राच्या काकांचं छोटं वर्कशॉप आहे. ते छोटे गिअरबॉक्स बनवतात. त्यांना एका प्रदर्शनात स्टॉल लावायचा होता आणि स्टॉलवरच्या टीव्हीसाठी वीस सेकंदांचा व्हिडिओ हवा होता. शॉप फ्लोअरवरच्या टेबलावर गिअरबॉक्स ठेवलाय, तो हवेत उघडतो, आतले गिअर आणि बेअरिंग एकेक करून बाहेर येतात आणि शेजारी नावं उमटतात, असा. मोबाइलवर टेबल शूट केलं, ब्लेंडरमध्ये मॉडेल बनवलं, सगळं एकत्र रेंडर केलं आणि एमपीफोर फाइल काकांना दाखवली.

काका म्हणाले, "मस्त आहे रे. पण आपलं हाऊसिंग निळं नाही, हिरवं असतं."

तो शनिवार होता आणि सोमवारी सकाळी स्टॉल लागणार होता. आता हिशोब बघा. मोबाइलचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे वीस सेकंदांचे ६०० फ्रेम. माझ्या पीसीवर एका फ्रेमला साधारण दोन मिनिटं लागत होती. म्हणजे १२०० मिनिटं, पूर्ण वीस तास. आणि ते फक्त एका रंगासाठी!

चूक माझीच होती. सगळं एकाच फाइलमध्ये शिजवून टाकलं होतं. खिचडी झाल्यावर त्यातली डाळ वेगळी काढता येत नाही, तसंच हे.

दोन सॉफ्टवेअर, दोन कामं

ब्लेंडर किंवा सिनेमा फोरडीसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वस्तू, लाइट आणि कॅमेरा असतो. त्यावरून कॉम्प्युटर गणित करतो आणि सपाट चित्र तयार करतो. यालाच रेंडर म्हणतात. हे काम संथ असतं, कारण प्रकाश कुठून येतो, कुठे आदळतो, कुठे परावर्तित होतो हे प्रत्येक पिक्सेलसाठी काढावं लागतं.

आफ्टर इफेक्ट्ससारखं कंपोझिटिंग सॉफ्टवेअर तयार चित्रांचे थर एकमेकांवर ठेवतं: खाली मोबाइलचा व्हिडिओ, वर थ्रीडी वस्तू, त्यावर अक्षरं. हे काम झटपट होतं. तुम्ही काईनमास्टरमध्ये लेयर लावले असतील, तर मूळ कल्पना तुम्हाला माहीतच आहे.

थोडक्यात, जे बदलायला वेळ लागतो ते थ्रीडीत करायचं आणि जे शेवटच्या क्षणी बदलू शकतं ते कंपोझिटिंगसाठी राखून ठेवायचं.

अल्फा: कुठे दिसायचं, कुठे नाही

प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. चौथा आकडा म्हणजे अल्फा. १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक, ०.० म्हणजे आरपार. वस्तूच्या कडेला ०.४ किंवा ०.७ अशा मधल्या किमती येतात, म्हणून कड करवतीसारखी दिसत नाही. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये थर एकमेकांवर ठेवण्याचं हे गणित नीट मांडलं. आजही तेच वापरलं जातं.

ब्लेंडरमध्ये 'फिल्म'खाली 'ट्रान्सपरंट' ऑन केलं की बॅकग्राउंड आरपार होतं. वस्तूभोवती काळी रेघ दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा कंपोझिटिंग सॉफ्टवेअरने अल्फाचा प्रकार चुकीचा ओळखलेला असतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये जाऊन तो बदलता येतो.

पास: चित्राचे सुटे भाग

खरी गंमत इथे आहे. रेंडर करताना ब्लेंडर एकाच चित्राऐवजी त्याचे सुटे भाग देऊ शकतो: रंग वेगळा, प्रकाश वेगळा, चकाकी वेगळी. कॅमेऱ्यापासून प्रत्येक पिक्सेल किती लांब आहे, तेही वेगळं मिळतं. यांना पास म्हणतात. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर होतं, तेही अशाच अंतराच्या नकाशावरून.

क्रिप्टोमॅट नावाचा पास प्रत्येक वस्तूची वेगळी ओळख साठवतो. त्यावरून फक्त हाऊसिंग निवडून निळ्याचं हिरवं करता येतं, बाकी गिअरना धक्काही लागत नाही.

हे सगळे पास एकाच ईएक्सआर फाइलमध्ये बसतात. हा फॉरमॅट इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या हॉलिवूडच्या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने बनवला आणि २००३ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. फाइली जड असतात, त्यामुळे हार्ड डिस्कवर आधी जागा करून ठेवा.

व्हिडिओत वस्तू 'बसवायची' कशी?

मोबाइल हलला की थ्रीडी कॅमेराही तसाच हलायला हवा, नाहीतर गिअरबॉक्स टेबलावरून घसरतोय असं वाटतं. सॉफ्टवेअर व्हिडिओतले ठळक ठिपके फ्रेम-दर-फ्रेम पकडून कॅमेऱ्याची हालचाल शोधतं. याला कॅमेरा ट्रॅकिंग म्हणतात. ब्लेंडरमध्ये ते फुकट आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१२ पासून आहे.

त्यासाठी शूटिंग करतानाच एवढं पाळा:

- एक्सपोजर आणि फोकस लॉक करा. स्टॅबिलायझेशन बंद करता येत असेल तर करा.
- एका जागी उभं राहून मोबाइल फक्त फिरवू नका, थोडं बाजूला सरका. जवळचं आणि लांबचं वेगवेगळ्या वेगाने सरकलं, तरच अंतर कळतं.
- टेबल गुळगुळीत असेल तर चिकटपट्टीच्या छोट्या फुल्या लावा.
- मोबाइलचा फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो. आधी हँडब्रेकमध्ये तो एकसारखा करून घ्या.

शेवटी सावली. सावली नसेल तर कितीही चांगलं मॉडेल हवेत तरंगतं. टेबलाच्या जागी एक सपाट पृष्ठभाग ठेवा आणि त्याला 'शॅडो कॅचर' करा. मग तो स्वतः दिसत नाही, त्याच्यावर पडलेली सावली तेवढी दिसते.

मग पुढे काय झालं?

शनिवारी संध्याकाळी सहाला मी पुन्हा रेंडर लावला. या वेळी हाऊसिंग हिरवं केलं, पासही घेतले आणि एका व्हिडिओऐवजी ६०० सुट्या ईएक्सआर फाइली. रात्री लाइट गेली. एमपीफोर असती तर सगळं पाण्यात गेलं असतं. पण २१२ फ्रेम तयार होते, म्हणून लाइट आल्यावर २१३ पासून पुढे चालू केलं. रविवारी दुपारी चारच्या सुमारास काम संपलं.

संध्याकाळी वर्कशॉपमध्येच लॅपटॉप उघडून बसलो. "हिरवा जरा गडद कर." केला. "बेअरिंगचं नाव मोठं हवं." केलं. "मागचं थोडं धूसर कर." तेही केलं. अर्ध्या तासात व्हिडिओ पास!

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. काका शेवटी म्हणाले, "हा गिअर मागून दाखवता येईल का?" तिथे मात्र हात जोडले. कॅमेऱ्याला जे दिसलंच नाही, ते कंपोझिटिंग कुठून आणणार? कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूची हालचाल आधी साध्या, कमी क्वालिटीच्या प्रिव्ह्यूवर पक्की करून घ्या. रंग, अक्षरं, धूसरपणा नंतर बघता येतो.

आफ्टर इफेक्ट्सला पैसे मोजावे लागतात. सुरुवात करायची असेल तर ब्लेंडर आणि दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. रिझॉल्व्हमधलं 'फ्यूजन' पेज कंपोझिटिंगसाठीच आहे. आणि ब्लेंडर फुकट म्हणजे कच्चं असं समजू नका: २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्येच बनलाय.

पहिला प्रयोग छोटा ठेवा. घरातलं टेबल, पाच सेकंदांचा व्हिडिओ आणि त्यावर एक थ्रीडी चेंडू. त्याची सावली टेबलावर नीट बसली, की गिअरबॉक्स फार लांब नाही.