जुन्या संगणकाची दुसरी कारकीर्द

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला नियमित सुरक्षा-सुधारणा पुरवणे थांबवले. वर्षभराची वाढीव मुदत घेण्याची सोय ठेवली, पण ती तात्पुरतीच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असतो. पडदा, कळफलक, हार्ड डिस्क सारे धडधाकट असते. तरीही विंडोज ११ त्यावर बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मग घरात दोनच मार्ग बोलले जातात : नवा संगणक घ्यावा, अथवा आहे तसाच वापरत राहावे. उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला यातला दुसरा मार्ग अधिक महाग वाटतो. ज्या प्रणालीतील नव्याने सापडणारी भोके बुजवायला कोणी नाही, तिच्यावरून ठेवी, पेन्शन आणि डीमॅटचे व्यवहार करणे म्हणजे कुलूप सैल झालेल्या कपाटात दागिने ठेवणे होय.

तिसरा मार्ग लिनक्सचा आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने तिला जोडली गेली, आणि मूळ संहिता सर्वांना खुली ठेवणाऱ्या परवान्याखाली ती जगभर पसरली. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. तेव्हा ही प्रणाली आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ‘खुली’ याचा अर्थ आपल्याकडे लगेच ‘फुकट’ असा लावला जातो. पैसे पडत नाहीत हे खरे. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की तिच्या वह्या कोणालाही तपासता येतात.

लिनक्सची रूपे शेकड्यांनी आहेत. सीडॅकने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय आवृत्तीही त्यांत आहे. नवख्याने या गर्दीत फार हिंडू नये. विंडोजची सवय असणाऱ्यास ‘लिनक्स मिंट’ सर्वांत सोपी जाते, कारण खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ अशी तिची ओळखीची मांडणी असते. स्मृती, म्हणजे रॅम, चार जीबी वा अधिक असल्यास तिची ‘सिनॅमन’ आवृत्ती घ्यावी. यंत्र फारच मंद असेल तर ‘एक्सएफसीई’.

या प्रणालीची मला सर्वाधिक भावलेली गोष्ट अशी, की ती न बसवताच वापरून पाहता येते. अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घ्यावी आणि रुफस किंवा एचर या मोफत साधनाने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर यात पुसला जातो. फाइल अस्सल आहे की नाही हे पडताळण्यासाठी संकेतस्थळावर अक्षरे-अंकांची एक लांबलचक खूण दिलेली असते. ती जुळवून पाहण्याचा आळस करू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात शिरून कोणी भेसळयुक्त फाइलचा दुवा तेथे लावला होता. शिल्लक जुळवल्याशिवाय वही मिटू नये, हा नियम येथेही लागू आहे.

आता पेनड्राइव्ह लावून संगणक पुन्हा सुरू करावा आणि लगेच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या यंत्राला लागू असलेली कळ दाबावी. पेनड्राइव्ह निवडला की काही वेळात नवा पडदा समोर येतो. ‘इन्स्टॉल’ या चिन्हाला हात लावला नाही आणि आपण होऊन जुन्या फाइली हलवल्या-पुसल्या नाहीत, तर हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते. या अवस्थेत आठवडाभर काढावा. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, बँकेचे संकेतस्थळ नीट उघडते का, हे कागदावर टिपत जावे. पेनड्राइव्हवरून चालताना वेग कमी भासतो आणि संगणक बंद करताच केलेली मांडणी नाहीशी होते. त्यावरून प्रणालीविषयी मत बनवू नये.

याच आठवड्यात अडणारी कामेही कळतात. लिब्रे ऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर मिंटसोबत येते व त्यात वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतात. परंतु एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिलेले असतील तर ते चालतीलच असे नाही. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. एखाद्या ट्रस्टचे हिशेब त्यात असतील, किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन नेहमी लागत असेल, तर ते काम विंडोज ११ असलेल्या एका यंत्रावर ठेवणेच शहाणपणाचे. युनिकोडपूर्व फाँटमधील जुने मराठी मजकूर तो फाँट नसेल तर अगम्य दिसतात. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये जाऊन जोडून घेता येतो.

मन झाले, तर बसवण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावीत. बसवताना विंडोजशेजारी जागा करून राहणे किंवा संपूर्ण डिस्क पुसणे असे पर्याय समोर येतात. त्या पडद्यावर दोनदा वाचल्याशिवाय बटण दाबू नये. नंतर ‘सी ड्राइव्ह’ शोधू नये, ती येथे नसते. आपले सारे ‘होम’ या कप्प्यात असते. प्रणालीत काही बदलायचे असले की परवलीचा शब्द विचारला जातो. काहींना याचा कंटाळा येतो, मला नाही. कारकुनाने केलेली नोंद अधिकाऱ्याने मंजूर करावी, तसलाच हा प्रकार आहे. टाइमशिफ्ट हे साधन पहिल्याच दिवशी चालू करावे, म्हणजे एखाद्या सुधारणेनंतर बिघाड झाल्यास प्रणाली आदल्या स्थितीत नेता येते.

तो पेनड्राइव्ह मात्र पुसू नका. चिठ्ठी चिकटवून खणात ठेवा. पुढे कधी घरातला एखादा संगणक सुरूच होईनासा झाला, पण त्याची डिस्क शाबूत व कुलूपबंद केलेली नसली, तर त्याच पेनड्राइव्हवरून संगणक चालवून आतल्या फाइली बाहेर काढता येतात.