राठ केस, मऊ लव: नगरच्या हवेत टेरिअरच्या पिल्लाची निगा

राठ केसांच्या टेरिअरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर ताठ, तारेसारख्या केसांचा आणि त्याखाली दाट, मऊ लव. ‘टेरिअर’ हे नाव जमीन या अर्थाच्या ‘तेरा’ या लॅटिन शब्दावरून आले, कारण बिळात शिरून कोल्हा, बॅजर, घुशी बाहेर काढणे हे या कुत्र्यांचे मूळ काम. ब्रिटनमधील थंड पावसात, काटेरी झुडपांत आणि चिखलात हे काम चाले. वरचे राठ केस पाणी नि काटे अडवत, खालची लव ऊब धरून ठेवी. एअरडेल टेरिअरचे नाव तर यॉर्कशरमधील एअर नदीच्या खोऱ्यावरूनच पडले आहे. अशा मुलखासाठी घडलेले हे आवरण अंगावर घेऊन एखादे पिल्लू अहिल्यानगर जिल्ह्यात येते, तेव्हा त्याची गाठ पर्जन्यछायेतील कोरड्या हवेशी, मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या पाऱ्याशी आणि माळावरच्या कुसळांशी पडते. त्याच्या केसांची निगा या हवेचा हिशेब धरूनच करावी लागते.

सगळ्या टेरिअरचे केस सारखे नसतात. वायर फॉक्स टेरिअर आणि एअरडेल राठ केसांचे, बुल टेरिअर आखूड गुळगुळीत केसांचा, तर यॉर्कशर टेरिअरचे केस लांब, रेशमी आणि खाली लव जवळजवळ नसलेले. या विविधतेचे मूळ आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची तपासणी झाली आणि केसांमधील बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांनी ठरतात असे दिसले. ‘आरएसपीओ२’ या जनुकातील बदलामुळे राठपणा आणि टेरिअरच्या त्या ओळखीच्या मिशा-भुवया येतात, ‘एफजीएफ५’ लांबी ठरवते आणि ‘केआरटी७१’ कुरळेपणा.

पिल्लाच्या अंगावर मात्र सुरुवातीला यातले फारसे काही दिसत नाही. जन्माच्या वेळी त्वचेतील एका छिद्रातून एकच केस उगवलेला असतो. पुढच्या काही महिन्यांत त्याच छिद्रातून मुख्य केसाभोवती लवेचे बारीक केस फुटतात आणि दुहेरी आवरण तयार होते. तोवर अंगावर असते ते पिल्लाचे जावळ: मऊ, फिकट, लगेच गुंतणारे. या वयात केसांपेक्षा सवय महत्त्वाची. वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जे अनुभवते ते त्याला पुढे परके वाटत नाही. या दिवसांत रोज पाच मिनिटे अंगावरून मऊ ब्रश फिरवावा, पंजे हातात घ्यावेत, कान उलटून पाहावेत. हे राहून गेले, तर दोन वर्षांच्या कुत्र्याची नखे कापायला तिघांनी त्याला धरण्याची वेळ येते.

टेरिअरचा केस ठरावीक काळ वाढतो, मग वाढ थांबते आणि तो मृत होऊन छिद्रात अडकून राहतो. लॅब्रॅडॉरचे मेलेले केस घरभर गळतात. राठ केसांच्या टेरिअरचे तसे गळत नाहीत, ते जागीच राहून निस्तेज होतात. केसांच्या या चक्राला दिवसाच्या लांबीतला बदल गती देतो. यॉर्कशरमध्ये उन्हाळ्यातला मोठा दिवस सतरा तासांचा, तर हिवाळ्यातला छोटा दिवस साडेसात तासांच्याही आतला. नगरच्या अक्षांशावर हा फरक जेमतेम सव्वातेरा तास ते अकरा तास इतकाच. त्यामुळे इथे केस बदलण्याचा ठळक हंगाम दिसत नाही, थोडे थोडे केस वर्षभर मरत राहतात. माणसाने हात लावल्याशिवाय ते निघत नाहीत.

ते काढण्याची योग्य पद्धत म्हणजे हाताने उपटणे. नगरच्या वाचकाला हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे, कारण इथल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरीने कातरली जाते आणि तीच रीत डोळ्यांसमोर असते. पण लोकर सतत वाढत राहते, तिला कातरीच हवी. टेरिअरचा मेलेला केस कापला की त्याचे बूड छिद्रातच राहते आणि नव्या राठ केसाची वाट अडते. वरचा गडद, कडक भाग निघून जातो आणि खालचा फिकट, मऊ भाग उरतो. दोन-तीनदा मशीन फिरवलेल्या टेरिअरचा रंग उडालेला आणि केस कापसासारखे झालेले दिसतात ते यामुळेच. मेलेला, म्हणजे पिकलेला केस अंगठा आणि तर्जनीत धरून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून, वाढीच्या दिशेने ओढला की सहज निघतो. एका वेळी थोडेच केस घ्यावेत. पिल्लू कळवळले तर केस अजून पिकलेला नाही असे समजून थांबावे. पाच-सहा महिन्यांच्या वयापुढे याची सुरुवात करता येते. यॉर्कशर टेरिअरला मात्र हे लागू नाही, त्याला फणी आणि कातरच हवी.

संपूर्ण केस काढल्यावर नवे आवरण यायला अडीच-तीन महिने लागतात. या हिशेबाने नगर परिसरात दोन वेळा सोयीच्या ठरतात. फेब्रुवारीत केस काढले, तर मेपर्यंत आखूड पण दाट आवरण तयार असते. ऑगस्टअखेरीस काढले, तर कुसळे पिकण्याच्या काळात केस आखूड असतात आणि डिसेंबरच्या थंडीपर्यंत पुन्हा भरतात.

उन्हाळा आला की ‘बिचाऱ्याला उकडते’ म्हणून अंगावरून झिरो मशीन फिरवण्याची चाल सर्वत्र आहे. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. शरीर थंड ठेवण्याचे काम धापा टाकण्याने होते. केस काढून त्यात भर पडत नाही, उलट ऊन थेट त्वचेवर येते. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा पापुद्रा माणसाच्या त्वचेहून बराच पातळ असतो आणि पांढऱ्या टेरिअरची त्वचा तर उन्हाने भाजते. मेलेली लव विंचरून काढावी, वरचे केस राहू द्यावेत, आणि दुपारी सावली व पाणी द्यावे.

पावसाळा सरला की कर्जत, श्रीगोंदा, पारनेरच्या माळांवर कुसळी गवत पिकते. त्याच्या बियांचे टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले केस आणि शेपटीसारखा पिळदार धागा. कोरड्या हवेत हा धागा पिळला जातो, ओल लागली की उलगडतो. या फिरण्यातून बी जमिनीत स्वतःला रुजवते. तीच करामत ती कुत्र्याच्या कातडीत करते. मागे वळलेल्या केसांमुळे शिरलेले कुसळ पुढेच सरकते, आपोआप मागे येत नाही. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा आणि कान बोटांनी चाचपावेत. पिल्लू अचानक डोके झटकू लागले किंवा एकच पंजा सारखा चाटू लागले, तर कुसळाचा संशय घ्यावा.

गोचीड हा याहून मोठा शत्रू. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतींच्या फटींत हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसते कुत्रे स्वच्छ करून भागत नाही, त्याची जागाही स्वच्छ करावी लागते. या गोचिडीमुळे एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस हे जीवघेणे आजार होतात. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, चटका किंवा बोटांनी चिरडणे टाळावे. आणि दुधाचा धंदा असलेल्या या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगायला हवे: गायीच्या गोचिडांसाठी आणलेले औषध पिल्लाला अंदाजाने लावू नये. गोठ्यात वापरले जाणारे अमिट्राझ चार महिन्यांखालच्या पिल्लाला घातक ठरू शकते.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरते. चिखल वाळू द्यावा, राठ केसांवरून तो ब्रशने झडतो. कुत्र्याची त्वचा माणसाइतकी आम्लधर्मी नसते, म्हणून कुत्र्यांसाठीचाच शांपू घ्यावा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका केसांत राहतो, तेव्हा भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरच्या मुसळधार पावसात, ओली लव बुरशीला आमंत्रण देते.

केस म्हणजे केरॅटिन, म्हणजेच प्रथिन. दाट केसांच्या कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांच्या गरजेचा पाव हिस्सा त्वचा आणि केसांवरच खर्च होतो. नुसत्या दूध-भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लाचे केस कितीही विंचरले तरी तजेला धरत नाहीत. त्याच्या ताटात अंडे किंवा मांस असावे. केस झडून गोल चट्टे पडले, खाज थांबेना किंवा कातडीला वास येऊ लागला, तर घरगुती तेल-हळदीत दिवस घालवू नयेत, पिल्लू पशुवैद्यकाला दाखवावे.