सिल्लेवानी घाट आणि चार बॅरलचा कार्बोरेटर

नागपूरहून सावनेर, लोधीखेडा, सौंसर करत छिंदवाड्याला निघालेली जुनी गाडी सिल्लेवानी घाटाला लागली की तिच्या कार्बोरेटरची परीक्षा सुरू होते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, तर छिंदवाडा सातपुड्याच्या पठारावर ६७५ मीटरवर. सपाटीवर सुरळीत पळणारी गाडी चढावर पिकअप सोडते, पॅडल दाबलं की गचका खाते, वर पोचल्यावर प्लग काळे निघतात. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी-जास्त करतात, त्यामुळे नव्या गाड्यांच्या चालकाला यातलं काही जाणवत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींमधूनही कार्बोरेटर हद्दपार झाला. जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणाऱ्यांना मात्र त्याच्याशी जमवून घ्यावंच लागतं, आणि त्यांतल्या अनेकांचा एक ठाम समज असतो: कार्बोरेटर मोठा बसवला की ताकद वाढते.

हा समज अर्धाच खरा आहे.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा कार्बोरेटरच्या घशातल्या चिंचोळ्या भागातून, म्हणजे व्हेंचुरीतून जाते. कालव्याचं पाणी अरुंद मोरीतून जातं तेव्हा वेग घेतं, तसाच हवेचा वेग इथे वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे फ्लोटच्या टाकीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. घसा रुंद केला तर जास्त हवा जाईल हे खरं, पण कमी आरपीएमला तिचा वेग पडेल, दाब पुरेसा घटणार नाही आणि पेट्रोल वेळेवर उचललं जाणार नाही. घसा अरुंद ठेवला तर गावातल्या रहदारीत गाडी गोड चालेल, पण मोकळ्या रस्त्यावर तिचा श्वास कोंडेल. कार्बोरेटरमधला प्रत्येक बदल या ओढाताणीतूनच वाट काढत असतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली फियाट, पुढे पद्मिनी, या ओढाताणीत स्पष्टपणे एका बाजूला उभी होती. १०८९ सीसीचं इंजिन आणि त्यावर एकाच घशाचा सोलेक्स कार्बोरेटर. ५००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त २,७०० लिटरच्या आसपास हवा ओढू शकतं. तेवढ्याला एक घसा पुरतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी याच इंजिनावर पिढ्या काढल्या. अशी शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिनं झपाट्यानं मोठी होत गेली आणि एक किंवा दोन घशांत भागेना. १९५२ साली ब्यूइक, कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबाइल या गाड्यांवर चार बॅरलचा, म्हणजे चार घशांचा कार्बोरेटर आला. त्याची कल्पना सुरेख आहे. पुढचे दोन घसे, म्हणजे प्रायमरी, रोजच्या चालीसाठी. मागचे दोन, म्हणजे सेकंडरी, एरवी बंद आणि ताकद हवी तेव्हाच उघडणारे. हळू चालताना हवा अरुंद वाटेनं वेगात जाते आणि जोर लावला की वाट रुंद होते. १९६५ च्या शेव्हरोले इम्पालाचं २८३ घन इंची व्ही-८ इंजिन दोन बॅरलवर १९५ अश्वशक्तीचं, तर चार बॅरलवर २२० अश्वशक्तीचं म्हणून विकलं जाई.

गडबड होते ती इथून पुढे. हॉली कंपनीचे कार्बोरेटर ६००, ७५०, ८५० अशा आकड्यांनी ओळखले जातात. आकडा म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जाईल याचं माप. साहजिकच ७५० चा मोह होतो. पण इम्पालाच्या त्या २८३ इंजिनाचा हिशेब केला तर ५००० आरपीएमला सिलिंडर काठोकाठ भरले असं धरूनही त्याला ४०९ घनफूटच हवा लागते. प्रत्यक्षात साध्या इंजिनाचे सिलिंडर ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे गरज साडेतीनशेची. त्यावर ७५० बसवणं म्हणजे पेट्रोलही घालवायचं आणि पिकअपही. शिवाय या आकड्यांत एक मेख आहे. चार बॅरलचं माप दीड इंच पाऱ्याच्या दाबफरकावर घेतात आणि दोन बॅरलचं तीन इंचांवर. त्यामुळे ५०० चा दोन बॅरल आणि ५०० चा चार बॅरल सारखे नसतात. पहिला दुसऱ्याच्या मापात साडेतीनशेच्या आसपासच भरतो. जुना कार्बोरेटर विकत घेताना ही गोष्ट माहीत नसली तर फसगत ठरलेली.

आकार बरोबर निवडला की मग खरं काम सुरू होतं, आणि तिथे घाट फार शिकवतो. थ्रॉटल जवळपास बंद असताना इंजिन हवेसाठी झगडतं आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेत, व्हॅक्यूम तयार होतो. चढावर पॅडल पूर्ण दाबलं की तो व्हॅक्यूम कोसळतो. हॉलीमधला पॉवर व्हॉल्व्ह नेमका हाच क्षण ओळखतो आणि जादा पेट्रोलची वाट उघडतो. त्याच्यावर ६५ आकडा असेल तर तो साडेसहा इंच पाऱ्याला उघडतो. मिस्त्री लोकांचा ढोबळ नियम असा की आयडलला जेवढा व्हॅक्यूम दिसतो, त्याच्या निम्म्याचा व्हॉल्व्ह घालावा. रेसिंगचा कॅमशाफ्ट टाकलेलं इंजिन आयडललाच सहा इंच दाखवत असेल, तर ६५ चा व्हॉल्व्ह कायम उघडाच राहणार. गाडी धूर ओकणार आणि मालक जेटला दोष देत बसणार. शिवाय उंचीवर दर हजार फुटांना व्हॅक्यूम साधारण एक इंचानं उतरतो. नागपुरात काठावर जुळवलेली गाडी छिंदवाड्यात बिघडल्यासारखी वागते, ती म्हणूनच. व्हॅक्यूम गेजशिवाय या कामाला हात घालूच नये.

पॅडल झटक्यात दाबल्यावर येणारा गचका हा वेगळा रोग. हवा लगेच धावते, पेट्रोल जड असल्यानं मागे राहतं. ती दरी ॲक्सिलरेटर पंप भरून काढतो. इंजिन बंद करून, एअर क्लीनर काढून, थ्रॉटल हातानं फिरवून पाहावा: पहिल्या हालचालीलाच नोझलमधून पेट्रोलची धार सुटली पाहिजे. ती उशिरा आली तर पंपाची तरफ जुळवायची; वेळेवर येऊनही अपुरी पडत असेल तर ३१ च्या नोझलऐवजी जरा मोठा घालायचा. इथे ३१ म्हणजे भोक इंचाच्या हजारातल्या ३१ भागांइतकं.

सेकंडरी व्हॅक्यूमवर उघडत असतील तर त्या कधी उघडतात हे त्यांच्या डायफ्रॅमवरच्या एका स्प्रिंगवर ठरतं. हॉलीच्या संचात पांढरी स्प्रिंग सर्वांत हलकी, काळी सर्वांत जड. हलकी घातली तर सेकंडरी लवकर उघडतात आणि इंजिन तयार नसेल तर गाडी दम तोडते. त्या किती उघडतात हे पाहायची एक युक्ती फारच देखणी आहे. डायफ्रॅमच्या दांडीवर कागदांना लावायची साधी क्लिप अडकवून वरपर्यंत सरकवायची, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन यायचं आणि क्लिप किती सरकली ते पाहायचं. जागची हलली नसेल तर सेकंडरी उघडल्याच नाहीत.

चोकचा मनोरा कापून टाकणं, थ्रॉटलचा दांडा घासून बारीक करणं हे उपाय शर्यतीतल्या गाड्यांना शोभतात. रस्त्यावरच्या जुन्या गाडीत त्यातून मिळतं थोडं आणि परत न येणारं बरंच जातं. कायद्याचाही प्रश्न आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. जेट, स्प्रिंग, व्हॉल्व्ह, नोझल यांचं मात्र सगळं परत फिरवता येतं. काढलेले मूळ भाग क्रमांकासकट जपून ठेवावेत.

सध्या एक बदल तर हौस असो वा नसो, करावाच लागतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी, चालते, तापते, मिसिंग करते. भरपाईसाठी पेट्रोल साधारण ८ टक्के जास्त जायला हवं. सोलेक्समध्ये १२५ चा मेन जेट असेल तर १३० चा घालून ते साधतं, कारण भोकाचा व्यास ४ टक्के वाढला की क्षेत्रफळ ८ टक्के वाढतं. जेटला ड्रिल मारू नये, तयार जेटच घ्यावा. ड्रिलनं कडा फाटतात आणि धार बिघडते. जोडीला पंपाचे डायफ्रॅम, कॉर्कची गॅस्केट आणि रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, कारण जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं, आणि गळती सुरू होते ती तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावरच.