तांबडा दिवा विझत का नाही?

1948 साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली मॉरिस मायनर आजही काही हौशी घरांत जपलेली आढळते. अशी मोटार मलकापूरहून मोताळामार्गे राजूर घाटाला लागावी आणि चालकासमोरचा तांबडा दिवा विझता विझू नये! ‘वायरिंगची खोड’ म्हणून कोणी तो बल्बच काढून टाकतात. पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे थोडेच राहते?

या दिव्याच्या एका बाजूस बॅटरी, दुसऱ्या बाजूस डायनामो. दोहोंचा दाब सारखा झाला की तो विझतो. इंजिन मंद असता तो मिणमिणला तर चिंता नको. वेग वाढवूनही तो पेटलेलाच राहिला, तर इंजिन बंद करून आधी पंख्याचा पट्टा पाहावा. तो तुटला असेल तर वीज बनायची थांबतेच, शिवाय पंखाही थांबतो आणि चढावर पाणी उकळते. धड पट्टा अंगठ्याने दाबल्यास सुमारे अर्धा इंच लवतो. तो ठीक असल्यास डायनामोचे झिजलेले कार्बन ब्रश व कट-आउटचे काळवंडलेले संपर्क मेकॅनिककडून तपासून घ्यावेत.

पट्टा पाहायला पाच मिनिटे पुरतात. ती घाटाच्या पायथ्याशीच खर्चावीत. बायकामुलांसह अर्ध्या चढावर, अंधारात नव्हे.