सूर हवा, शिंतोडे नकोत

१९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसला ऑलिम्पिक भरलं, तेव्हा डायव्हिंगच्या दोन स्पर्धा झाल्या. एकीत पाण्यात सूर मारायचा आणि मग हातपाय जराही न हलवता जास्तीत जास्त एक मिनिट नुसतं पुढे सरकत राहायचं. विल्यम डिकी असा १९.०५ मीटर गेला आणि सुवर्णपदक पटकावलं. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये पुन्हा कधी झाला नाही.

दुसरी स्पर्धा उंचावरून सूर मारण्याची. तिथे वाद पेटला. जर्मनी-स्वीडनमध्ये हा खेळ जिम्नॅस्ट मंडळींनी वाढवला होता. जर्मन खेळाडू हवेत अवघड कोलांट्या घेत, पण खाली येताना अनेकदा छाती-पोटावर आपटत. कसरत अवघड आहे ना, मग पाण्यात कसं का पडेना, हे त्यांचं म्हणणं अमेरिकनांना पटेना. शेवटी नेटके सूर मारणारा अमेरिकेचा जॉर्ज शेल्डन पहिला आला. तिसऱ्या क्रमांकावर बरोबरी झाली, तेव्हा जर्मनीच्या आल्फ्रेड ब्राउनश्वायगरने पुन्हा सूर मारायला साफ नकार दिला.

पुढे खेळाने दोघांचंही म्हणणं पदरात घेतलं, आणि म्हणूनच तो इतका देखणा झाला. आज वैयक्तिक स्पर्धेत सात पंच शून्य ते दहा गुण देतात. वरचे दोन आणि खालचे दोन वगळून उरलेल्या तिन्हींची बेरीज त्या सुराच्या काठिण्याने गुणली जाते.

काठिण्य वाढलं ते जिच्यावरून उसळी घेतात त्या फळीमुळेही. विमान कारखान्यात काम केलेल्या रे रूडने ॲल्युमिनियमची लवचीक फळी बनवली. १९६० पासून ऑलिम्पिकमध्ये तीच वापरतात.

दहा मीटरवरून नुसतं पडायला १.४३ सेकंद लागतात. वर घेतलेली उसळी धरली तरी दोन सेकंद भरत नाहीत. एवढ्यात साडेचार कोलांट्या! गुडघे छातीशी घट्ट आवळले की गिरकीचा वेग वाढतो, अंग ताणलं की मंदावतो. पण हवेत तो पूर्ण थांबवता येत नाही. त्यामुळे शरीर उभं होण्याचा आणि पाणी लागण्याचा क्षण एकच यावा, असा हिशोब खेळाडूला हवेतच जुळवावा लागतो. खाली पृष्ठभाग नजरेत भरावा म्हणून पाण्यावर फवारे सोडलेले असतात.

पाण्याशी गाठ पडते ती ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने. एका हाताने दुसरा पकडून सपाट तळवा पाण्यावर आदळायचा. त्याने पाण्यात पोकळी होते आणि बाकीचं अंग तिच्यातून आत शिरतं. लगेच हात बाजूला फाकवून पाणी खाली ओढलं, तर वर शिंतोडे जवळजवळ उडतच नाहीत. कापड टर्रकन फाटल्यासारखा आवाज मात्र येतो.

टोकियोत २०२१ साली चीनच्या १४ वर्षांच्या छ्वान होंगचानने असे पाच सूर मारून ४६६.२० गुण मिळवले. त्यातल्या दोन सुरांना सातही पंचांनी दहापैकी दहा दिले.

याची किंमत मनगटं मोजतात. वेगाने आदळणारा तळवा सारा भार त्यांच्यावर टाकतो, म्हणून डायव्हर मनगटाला पट्ट्या गुंडाळून उतरतात. चीनचीच फू मिंगशिया १९९१ मध्ये अवघ्या १२व्या वर्षी जगज्जेती झाली. त्यानंतर मोठ्या स्पर्धांसाठी किमान १४ वर्षांची अट आली. वाढत्या हाडांचा विचार केला तर ती रास्तच म्हणायला हवी.